दोष कुणाचा, हे मोजल्यावर कळते



आज २३ ऑगस्ट २०२४, देशातला पहिला राष्ट्रीय अंतराळ दिन. गेल्या वर्षी याच दिवशी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ चा विक्रम लँडर चंद्रावर, सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर, अलगद उतरला. त्या मोहिमेबद्दल आज पुष्कळ लिहिले जाईल आणि ते माझ्यापेक्षा अधिकारी माणसे लिहितील. मी लिहिणार आहे ते त्या सायंकाळी माझ्या घरात बंद पडलेल्या इंटरनेटबद्दल. विषय क्षुल्लक वाटेल. पण भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून, रोज प्रयोगशाळेत मोजमाप करणारा माणूस स्वतःच्या घरात किती सहज अवैज्ञानिक वागू शकतो, हे मला त्या प्रकरणातून कळले. शिवाय त्यात एका कष्टाळू माणसावर माझ्याकडून अन्याय झाला. विद्यार्थ्यांनी हे वाचावे, अशी इच्छा आहे.

मी बेंगळुरूत यशवंतपूर भागात राहतो. चांद्रयानाचे नियंत्रण ज्या इस्ट्रॅक केंद्रातून चालले होते, ते पीण्याला, माझ्या घरापासून काही किलोमीटरवर. चंद्राहून येणारे क्षीण संदेश टिपणारी ३२ मीटर व्यासाची अँटेना शहराबाहेर ब्यालालू येथे. चंद्रापासून पृथ्वीपर्यंतचे सुमारे ३ लाख ८४ हजार किलोमीटर अंतर रेडिओलहरी सव्वा सेकंदाच्या आसपास कापतात. तेवढे अंतर त्या संदेशांनी त्या दिवशी निर्विघ्नपणे कापले. इस्रोच्या यूट्यूब वाहिनीवर एका वेळी ८० लाखांहून अधिक लोक ते प्रक्षेपण पाहत होते. मीही पाहत होतो. लँडरचा वेग कमी करणारा पहिला, सर्वांत मोठा टप्पा पार पडला आणि त्यानंतर थोड्याच वेळात माझ्या पडद्यावरचे चित्र गोठले.

मोबाइलवर चित्र उघडावे म्हणून धडपडत असतानाच साताऱ्याहून आईचा फोन आला. ती दूरदर्शन पाहत होती. "अरे, उतरलं! उतरलं! तू बघतोयस ना?" मी "हो" म्हणालो. खोटे बोललो. चंद्रावरचे ते अवतरण मी आईच्या आवाजात ऐकले, आणि फोन ठेवताच रागाच्या भरात इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे दुसरी तक्रार नोंदवली.

आता थोडी पार्श्वभूमी. त्या वर्षी जूनमध्ये आम्ही या घरात राहायला आलो. फायबरची जोडणी घेतली. कंपनीने फायबरचा प्रकाश विद्युत संदेशात बदलणारा छोटा डबा, म्हणजे ओएनटी, बाल्कनीत बसवून दिला. त्यापुढे बाजारातला तयार राउटर न लावता मी माझा जुना संगणक राउटर म्हणून वापरायचे ठरवले. त्यात नेटवर्कची दोन पोर्टे होती, एक बाहेरच्या जगाकडे, एक घराकडे. लिनक्स घातले, फायरवॉलचे नियम लिहिले, आणि बाल्कनीतल्या डब्यापासून दिवाणखान्यातल्या संगणकापर्यंत लॅन केबल मीच ओढली.

संगणकाकडून राउटरचे काम करून घेणे यात नवे काही नाही. १९६९ साली अर्पानेट सुरू झाले तेव्हा निरोपांची पॅकेटे पुढे धाडणारी जी यंत्रे होती, ते हनीवेल कंपनीचे लघुसंगणकच होते, त्या कामासाठी खास फेरफार केलेले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी त्या जाळ्यावरून पहिला शब्द पाठवायचा होता 'लॉगिन'. पहिली दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडचा संगणक कोसळला. इंटरनेटचा इतिहास असा दोषशोधनापासूनच सुरू होतो. त्या यंत्रांच्या रचनाकारांनी एक शहाणपणाची सोय ठेवली होती. कोणतीही जोडणी उलटी वळवून स्वतःलाच जोडता येई, म्हणजे पाठवलेला संदेश आपल्याचकडे परत येई. परत आला तर इथपर्यंत सारे ठीक, न आला तर दोष याच्या अलीकडे. दोष शोधायचा म्हणजे त्याची हद्द आखत जायचे, ही पद्धत तेव्हापासूनची. आपल्याकडे १९८६ साली अर्नेट प्रकल्प सुरू झाला आणि मुंबईची एनसीएसटी, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था व पाच आयआयटी यांच्यासह आठ संस्था जोडण्याचे काम हाती घेतले गेले, तेव्हा त्या पिढीच्या अभियंत्यांनीही संथ, बेभरवशाच्या टेलिफोन तारांवर हेच काम केले असणार.

माझ्या घरचा दोष असा होता. नेट दिवसभर उत्तम चाले. सायंकाळ झाली की मधूनच बंद पडे. चार-पाच मिनिटांनी आपोआप सुरू होई. पुन्हा तासा-दोन तासांनी बंद. कधी एका सायंकाळी एकदाच, कधी तीनदा. ज्यांनी कधी यंत्र दुरुस्त केले आहे त्यांना ठाऊक असेल की पूर्ण बंद पडलेले यंत्र परवडते, पण मधूनमधून बिघडणारे नको. तुम्ही पाहायला जाता तेव्हा ते सुरळीत चालत असते.

मी लगेच कारण शोधले. शोधले म्हणण्यापेक्षा गृहीत धरले. सायंकाळी सारे लोक घरी येतात, चित्रपट पाहतात, कंपनीच्या जाळ्यावर भार वाढतो, त्यांची यंत्रणा कोलमडते. २३ ऑगस्टला तर ८० लाख लोक एकच प्रक्षेपण पाहत होते. आणखी पुरावा कशाला हवा? ही उपपत्ती इतकी सुबक होती की ती तपासावी असे मला वाटलेच नाही.

जुलैत पहिली तक्रार केली तेव्हा कंपनीचा लाइनमन आला. पंचविशीतला तरुण, पाठीवर पिशवी, रेनकोट ओलाचिंब. त्याने फायबर काढून एका छोट्या मीटरला लावले आणि आकडा मला दाखवला: उणे १९ डीबीएम. "लाइन सरि इदे, सर," तो म्हणाला. लाइन ठीक आहे. मग माझ्या संगणकाकडे पाहून हिंदीत म्हणाला, "आपका रूटर देखना पडेगा." मला ते लागले. मी त्याला सांगितले की हा संगणक मी स्वतः जुळवला आहे आणि त्यात दोष असणे शक्य नाही.

त्या आकड्याचा अर्थ मला कळत नव्हता असे नाही. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. उणे १९ म्हणजे सुमारे १२ मायक्रोवॉट प्रकाश माझ्या घरापर्यंत पोहोचत होता. अशा जोडणीतला डबा साधारण उणे २७ पर्यंत, म्हणजे दोन मायक्रोवॉटपर्यंत, काम करतो. याचा अर्थ आवश्यकतेच्या सहापट प्रकाश येत होता. त्या तरुणाने एक मोजमाप करून माझ्या हातात ठेवले होते. माझ्या हातात केवळ एक मत होते. प्रयोगशाळेत एखाद्या विद्यार्थ्याने असे केले असते तर मी त्याला बाहेर उभे केले असते.

२३ ऑगस्टनंतरच्या दुसऱ्या फेरीतही तो आला, पुन्हा मोजले, आकडा तोच. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी तिसरी तक्रार केली, आणि या वेळी शेरा लिहिला: "तंत्रज्ञ काम न करता तक्रार बंद करतो." त्या रात्री त्याचा फोन आला. असा शेरा पडला की पैसे कापतात, असे तो सांगत होता. मी म्हटले, "मग नीट दुरुस्त करा." हे वाक्य लिहितानाही लाज वाटते.

दरम्यान मी घरातही प्रयोग केले होते, पण कसे? एका रात्रीत मी डीएनएसचे सर्व्हर बदलले, पोर्टांची अदलाबदल केली, नवी कार्यप्रणाली बसवली आणि पॅकेटचा कमाल आकार १५०० बाइटांवरून १४९२ केला, कारण आमची जोडणी ज्या पीपीपीओई पद्धतीची आहे तिची शीर्षके आठ बाइट जागा घेतात. ही शेवटची दुरुस्ती आवश्यकच होती. तिच्याअभावी काही संकेतस्थळे अर्धवट उघडून अडकत. पण नेट बंद पडण्याशी तिचा संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी सायंकाळपर्यंत सारे सुरळीत चालले आणि मी पत्नीला विजयी मुद्रेने सांगितले की दोष सापडला. सायंकाळी सातला नेट गेले. चार गोष्टी एकदम बदलल्यामुळे त्या रात्रीतून मला काहीही शिकता आले नाही.

एक गोष्ट मात्र बरी केली होती. २७ ऑगस्टपासून घरातला एक छोटा संगणक दर पाच सेकंदांनी तीन ठिकाणी पिंग पाठवून उत्तर येते की नाही याची वेळेसह नोंद करत होता. पहिले ठिकाण माझा राउटर. दुसरे कंपनीचे पहिले प्रवेशद्वार. तिसरे बाहेरच्या जगातला एक सुप्रसिद्ध सर्व्हर. नेट जाई तेव्हा पहिले उत्तर देई. दुसरे आणि तिसरे गप्प. मी निष्कर्ष काढला की माझा राउटर निर्दोष, दोष कंपनीचा.

वाचकांनी इथे क्षणभर थांबून चूक शोधावी. पहिल्या आणि दुसऱ्या ठिकाणांच्या मध्ये काय काय येते? माझ्या संगणकाचे बाहेरचे पोर्ट, तिथून बाल्कनीपर्यंतची केबल, डबा, डब्याचा वीजपुरवठा, फायबर, आणि मग कंपनीची यंत्रे. माझ्या नोंदीने एवढेच सांगितले होते की दोष या साखळीत कुठेतरी आहे. त्या साखळीची पहिली दोन कड्या माझ्या मालकीच्या होत्या. मी हद्द आखली खरी, पण ती सोयीच्या ठिकाणी आखली.

दुसरी चूक याहून गंभीर. कंपनीला दाखवण्यासाठी मी खंडांचा आलेख काढला होता, तो फक्त सायंकाळी ७ ते रात्री ११ या वेळेचा. कारण दोष तेव्हाच असतो हे मला 'माहीत' होते.

मग गणपती आले. त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती. १७ तारखेला घर बंद करून आम्ही साताऱ्याला गेलो. राउटर आणि नोंद ठेवणारा संगणक चालूच ठेवला. आठवडाभराने परतलो आणि सहज म्हणून सगळ्या नोंदी, २४ तासांच्या, एकत्र मांडल्या.

जाण्यापूर्वीच्या २१ दिवसांत ११८ खंड. त्यांतले १११ सायंकाळी ६ ते सकाळी ७ या वेळात. इथवर माझ्या उपपत्तीला पूरकच. पण त्या १११ पैकी ३३ रात्री १ ते पहाटे ५ या वेळातले निघाले. पहाटे तीनला कोण चित्रपट पाहते? भाराच्या उपपत्तीप्रमाणे तेव्हा खंड जवळजवळ नसायलाच हवे होते. ते होते, आम्ही झोपलेले असल्यामुळे कळत नव्हते इतकेच.

आणि आम्ही नसतानाचा आठवडा? ७४ खंड. ३९ रात्रीचे, ३५ दिवसाचे. दिवस-रात्रीतला भेद नाहीसाच झाला होता. शहराच्या इंटरनेटवरचा भार आम्ही साताऱ्याला गेलो म्हणून बदलत नाही. बदलले होते ते आमच्या घरातले काहीतरी. न ठरवता एक नियंत्रित प्रयोग घडून आला होता.

मी पत्नीला तो आलेख दाखवला आणि विचारले, आपल्या घरात अशी कोणती गोष्ट आहे जी सायंकाळी सहाला सुरू होते, सकाळी सातला संपते, आणि घर बंद असले की चोवीस तास चालू राहते? तिने आलेखाकडे पाहिलेही नाही. "बाल्कनीची खिडकी," ती म्हणाली. "सहाला डास येतात म्हणून मी लावते. सकाळी उघडते. गावाला जाताना बंद करून गेलो."

बाल्कनीतून आत येणारी केबल मी त्या सरकत्या खिडकीच्या ॲल्युमिनियमच्या खाचेतून आणली होती. भिंतीला भोक पाडायचा कंटाळा केला होता.

तरीही, एव्हाना शहाणा झालो होतो, म्हणून केबलवर लगेच उडी घेतली नाही. प्रथम संगणकाच्या कर्नलची नोंद उघडली. ती पहिल्या दिवसापासून तिथे होती. मी पाहिली नव्हती. प्रत्येक खंडाच्या सुरुवातीला तिथे एकच ओळ होती: बाहेरच्या पोर्टाची जोडणी तुटली. दोन-तीन सेकंदांनी दुसरी ओळ: जोडणी पुन्हा झाली. आणि पुष्कळदा वेग १००० मेगाबिटऐवजी १०० मेगाबिट. हा आकडा बोलका आहे. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. हजार मेगाबिटला चारही लागतात. शंभराला दोन पुरतात. वेग घसरतो तेव्हा चारपैकी एखादी जोडी दगा देत असण्याचा संशय घ्यावा.

पण जोडणी तुटली म्हणजे केबलच दोषी असे नाही. डबा वीज जाऊन पुन्हा सुरू झाला तरी हीच ओळ येते. म्हणून डब्याची माहिती उघडली. तो ३८ दिवस अखंड चालू होता. डबा सुटला. उरली केबल आणि तिची दोन टोके.

नवी केबल आणून ती खिडकीऐवजी दारातून, जमिनीवरून ओढली. बाकी काहीही बदलले नाही. खिडकी रोजच्याप्रमाणे बंद. आता प्रश्न असा की किती वाट पाहायची? रात्रीला सरासरी पाच खंड पडत होते. ते एकमेकांशी संबंध न ठेवता पडत असतील, तर एखादी रात्र योगायोगाने पूर्ण शांत जाण्याची शक्यता सुमारे दीडशेत एक. पण असे खंड अनेकदा घोळक्याने येतात, त्यामुळे हा हिशोब फसवा ठरू शकतो. म्हणून तीन रात्री थांबलो. शून्य खंड. मग जुनी केबल पुन्हा लावली, त्याच खाचेतून. पहिल्याच रात्री सहा खंड. मग जुनीच केबल आणि खिडकी उघडी. डासांनी फोडून काढले, पण खंड शून्य. त्यानंतर जुनी केबल काढून सोलून पाहिली. खाचेत दबलेल्या जागी वरचे आवरण चपटे झाले होते आणि आतली एक तार तुटून केवळ टोकाला टोक टेकून उभी होती. खिडकीची चौकट वाऱ्याने जराशी हलली की संपर्क सुटत असणार.

प्रश्न अजून एक होता. जोडणी दोन-तीन सेकंदच तुटत होती, तर नेट चार-पाच मिनिटे का जाई? याचेही उत्तर माझ्याच संगणकात होते. जोडणी तुटताच जुने सत्र बंद करून नवे सुरू करणारी एक स्क्रिप्ट मी हौसेने लिहिली होती. सत्र बंद करताना पलीकडच्या यंत्राला निरोपाचे पॅकेट जाते. पण तारच तुटलेली असताना ते जाणार कसे? पलीकडचे यंत्र समजे की जुने सत्र चालूच आहे, आणि त्याच नावाने दुसरे सत्र मागणाऱ्या माझ्या संगणकाला ते नकार देई, जुन्याची मुदत संपेपर्यंत. माझी स्क्रिप्ट नसती तर तीन सेकंदांचा तो धक्का बहुतेक वेळा जाणवलाही नसता. आता ती जोडणी तुटल्यावर पंधरा सेकंद थांबते आणि तरीही परतली नाही तरच हालचाल करते.

२०११ सालचा एक प्रसंग अनेकांना आठवत असेल. सप्टेंबर महिन्यात इटलीतल्या ग्रान सासो येथील ऑपेरा प्रयोगाने जाहीर केले की जिनिव्हाजवळच्या सर्नहून निघालेले न्यूट्रिनो ७३० किलोमीटरचे अंतर प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद लवकर कापतात. जगभर खळबळ उडाली. २०१२ च्या फेब्रुवारीत कळले की घड्याळाची वेळ आणणाऱ्या एका ऑप्टिकल फायबरची जोडणी नीट बसलेली नव्हती. शिवाय एका घड्याळाच्या वेगात दुसरा, उलट्या दिशेने परिणाम करणारा दोष होता. आइन्स्टाइनच्या सिद्धांताला धक्का बसला नाही. त्या गटाबद्दल मला आदर वाटतो, कारण त्यांनी आपला निकाल प्रश्नचिन्हासकट जगापुढे ठेवला आणि चूकही स्वतःच शोधून स्वतःच जाहीर केली. त्यांच्यापुढे तुटलेली तार माझ्यापेक्षा कितीतरी खोल दडलेली होती. माझी तर रोज डोळ्यांसमोर होती.

आणि चांद्रयान? ७ सप्टेंबर २०१९ च्या मध्यरात्रीनंतर चांद्रयान-२ च्या विक्रमशी संपर्क तुटला ती रात्र आपण विसरलेलो नाही. त्यानंतर इस्रोने केलेले काम मला २०२३ च्या यशाइतकेच मोलाचे वाटते. शेवटच्या क्षणापर्यंत आलेल्या नोंदी त्यांनी उलगडल्या. त्यांतून निघालेले निष्कर्ष एस. सोमनाथ यांनी चांद्रयान-३ च्या उड्डाणापूर्वी जाहीरपणे सांगितले होते. इंजिनांनी अपेक्षेपेक्षा अधिक रेटा दिला, त्यातून चुका साचत गेल्या, त्या सुधारण्यासाठी यानाला वेगाने वळणे आवश्यक होते, पण वळण्याच्या वेगावर सॉफ्टवेअरनेच मर्यादा घातली होती, आणि उतरण्यासाठी निवडलेली जागा जेमतेम ५०० मीटर बाय ५०० मीटर होती. म्हणजे दोष चंद्राचा नव्हता, दैवाचा नव्हता. तो आपल्याच रचनेत सापडला आणि म्हणूनच दुरुस्त करता आला. चांद्रयान-३ साठी उतरण्याची जागा ४ किलोमीटर बाय २.४ किलोमीटर झाली, पाय अधिक बळकट झाले, पाचाऐवजी चार इंजिने आली, वेग मोजणारे लेसर उपकरण वाढवले गेले. 'काय काय बिघडू शकते' हा प्रश्न आधी विचारून ते यान घडवले गेले.

दोष आपल्या हद्दीत सापडणे ही वास्तविक सुवार्ता असते. पलीकडच्याचा दोष आपल्याला फक्त कळवता येतो; आपला दोष दुरुस्त करता येतो. पण अहंकाराला हे उमगायला तीन महिने लागले, आणि त्या तीन महिन्यांची किंमत मी भरली नाही. ती दुसऱ्याच कुणीतरी भरली.

केबल बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी मी कंपनीला लेखी कळवले की तिन्ही वेळा दोष माझ्या घरातच होता, तंत्रज्ञाचे निदान पहिल्याच दिवशी बरोबर होते आणि माझा शेरा चुकीचा होता. मग त्या तरुणाला फोन केला. काय झाले ते मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये आणि हिंदीत सांगितले. खिडकी, तार, स्क्रिप्ट. तो ऐकत राहिला. मला वाटले होते, तो हसेल किंवा रागावेल. त्याने एकच प्रश्न विचारला: "सर, शेरा काढायला सांगितलात ना?" मी हो म्हणालो. या वेळी खरे बोललो. कापलेले पैसे त्याला परत मिळाले का, हे मी दोनदा विचारले. दोन्ही वेळा त्याने विषय बदलला. महिनाभराने त्याची बदली दुसऱ्या भागात झाली.

विद्यार्थ्यांना माझे सांगणे थोडके आहे. कोणतेही यंत्र मधूनमधून बिघडत असेल तर प्रथम नोंद ठेवा, आणि ती चोवीस तासांची ठेवा. आपल्या मताला सोयीची तेवढीच नको. साखळीतली प्रत्येक कडी कागदावर लिहा आणि कोणती आपली, कोणती दुसऱ्याची, ते प्रामाणिकपणे मांडा. एका वेळी एकच गोष्ट बदला. सुधारले असे वाटले तर जुनी स्थिती पुन्हा आणून दोष परत येतो का ते पाहा. जो माणूस मोजून आकडा सांगतो आहे, त्याचे शिक्षण विचारू नका, आकडा विचारा.

आता भिंतीला भोक पाडून केबल नळीतून आणली आहे. गेल्या अकरा महिन्यांत कर्नलच्या नोंदीत जोडणी तुटल्याची ओळ दोनदाच आली आहे, दोन्ही वेळा डब्याची वीज गेली म्हणून. आज सायंकाळी गेल्या वर्षीच्या अवतरणाचे चित्रण पुन्हा लावणार आहे. आईला व्हिडिओ कॉल करून सांगणार आहे की त्या दिवशी मी ते पाहिले नव्हते, तुझ्याकडून ऐकले होते.